दोन जिवांची जखमी बाई

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दर वर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ सालच्या अहवालात देशातल्या रस्त्यांवर जीव गेलेल्या १,६८,४९१ जणांचा हिशेब आहे. पुरुष किती, बाया किती, कोणत्या वयाचे, दुचाकीवरचे किती, पायी चालणारे किती, हेल्मेट होतं की नव्हतं, रस्ता सरळ होता की वळणाचा, पाऊस होता की ऊन, या सगळ्याचे तक्ते त्यात आहेत. मेलेल्या बायांपैकी गरोदर किती होत्या, हे सांगणारा तक्ता नाही.

मग ती नोंद आरोग्य खात्याकडे असेल, असं वाटतं. तिथे माता मृत्यूंची मोजणी होते आणि महाराष्ट्राने या बाबतीत खरोखर चांगलं काम केलं आहे. २०१८-२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होत होता, तेव्हा महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. पण माता मृत्यूची जी व्याख्या जगभर वापरतात, तिच्यातच एक अट आहे. गरोदरपणामुळे किंवा गरोदरपणाने बळावलेल्या कारणामुळे आलेला मृत्यू मोजायचा. अपघाती किंवा योगायोगाने आलेला मोजायचा नाही. आठव्या महिन्यात वार सुटून रक्तस्रावाने गेलेली बाई या वहीत येते. आठव्या महिन्यात ट्रकची धडक बसून रक्तस्रावानेच गेलेली बाई येत नाही.

एका वहीत ती नुसती बाई आहे, दुसऱ्या वहीत ती नाहीच. आणि कागदावर जे झालं, तेच रुग्णालयातही होतं. जखमी म्हणून ती कॅज्युअल्टीची, गरोदर म्हणून लेबर रूमची. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘इर्विन’ आणि बायकांचं सरकारी रुग्णालय म्हणजे ‘डफरीन’; नागपुरात बाळंतपणासाठी ‘डागा’, अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’. बाळंतपणाची वेगळी, बायकांची हक्काची रुग्णालयं असणं ही चांगलीच गोष्ट. पण मांडीचं हाड मोडलेली, सात महिन्यांची गरोदर बायको रिक्षात घालून आणणाऱ्या नवऱ्याने कोणत्या फाटकात शिरायचं?

या विषयात शिरल्यापासून मला एकच गोष्ट खटकत राहिली आहे. या बाईला वाचवायला जे लागतं त्यातलं बरंचसं साधं आहे, स्वस्त आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे आणि आपल्या रुग्णालयांत आजही हजर आहे. फक्त ते दोन वेगवेगळ्या खोल्यांत आहे.

*

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं, ओटी भरली, की सातव्या-आठव्या महिन्यात लेकीला घेऊन यायचं. रीत मायेची आहे, पण अपघाताच्या दृष्टीने हाच काळ नाजूक. पहिले बारा आठवडे गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात असतं आणि बाहेरचा मार हाडं झेलतात. विसाव्या आठवड्याला ते बेंबीशी येतं, छत्तिसाव्यापर्यंत बरगड्यांना टेकतं. माहेरचा प्रवास घडतो तेव्हा बाळ आणि रस्ता यांच्यामध्ये पोटाची भिंत, गर्भाशयाची भिंत आणि गर्भजल एवढंच उरलेलं असतं.

आणि प्रवास कशाने होतो? एसटीने, वडापच्या जीपने, आणि फार वेळा मोटरसायकलवर मागे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. दोन्ही हातांत पिशव्या, दुसरी खेप असेल तर मांडीवर मोठं मूल, पदर वाऱ्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी साडीची जाळी हवी. ही जाळी गाडीचं रूप बिघडवते म्हणून पुष्कळ जण काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली की बाई मागच्या मागे ओढली जाते. गतिरोधकावर उडून पडण्याचा धोका तर आहेच. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, हे बाईच्या बाबतीत आणि त्यातही गरोदर बाईच्या बाबतीत कुणाच्या गावी नसतं.

चारचाकीत वेगळाच गैरसमज. पट्टा लावला तर पोटावर दाब येईल, म्हणून तो लावायचाच नाही. खरं तर पट्टा लावायचाच, फक्त नीट लावायचा. खालची पट्टी पोटाच्या घेराखालून, कमरेच्या हाडांवरून. वरची दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा घेतलेला पट्टा बाळाला इजा करू शकतो, आणि मुळीच न लावलेला पट्टा आई-बाळ दोघांच्या जिवावर उठतो.

रस्त्याइतकाच धोका कामाच्या जागी आहे. दिवाळी सरतासरता बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांवर संसार रचलेला असतो आणि त्या संसारावर माणसं बसलेली असतात. फडात नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडी भरते. दिवस गेलेली बाईही हे काम करते, कारण ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर आहे. फळीवरून पाय घसरला, पोटावर पडली, तर दवाखान्यात जायला दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही पडतो. मग ती कोपीत पडून राहते. बाळाची हालचाल कमी झाली आहे, हे तिला कळतंही. सांगायचं कुणाला?

*

जखमी माणूस आला की डॉक्टर आधी नाडी आणि रक्तदाब बघतात. नाडी भरभर चालली, दाब उतरला, की ओळखायचं, आत कुठेतरी रक्त जातंय. गरोदर बाईच्या बाबतीत हा अंदाज चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेण्यासारखं आहे.

बाळंतपणात रक्त जाणार, याची तजवीज तिचं शरीर आधीच करून ठेवतं. शेवटच्या महिन्यांत तिच्या अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. हृदय मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त टाकतं. त्यामुळे अपघातात बाराशे ते दीड हजार मिलिलिटर रक्त गेलं, तरी तिची नाडी आणि दाब जवळपास ठीकच दिसू शकतात. इतकं रक्त जाऊनही दाब टिकतो कसा? शरीर गर्भाशयाचा पुरवठा तोडतं. भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला सहाशे-सातशे मिलिलिटर रक्त वाहत असतं. संकट आलं की तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ते रक्त आईच्या मेंदूकडे, हृदयाकडे वळतं. आईचा दाब टिकतो तो बाळाच्या वाट्याच्या रक्तावर.

म्हणून ‘बीपी नॉर्मल आहे, बसवा बाकावर’ हे वाक्य या बाईसाठी धोक्याचं आहे. तिचा रक्तदाब पडतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी बाळाचे ठोके बदलतात. लेबर रूममधलं ठोके ऐकायचं छोटंसं डॉप्लर यंत्र बाळाची खबर देतं तशीच आईच्या पोटात लपलेल्या रक्तस्रावाचीही देतं. ते यंत्र कॅज्युअल्टीत आणायला फार तर पाच मिनिटं लागतील. आणायचं कुणी सुचवलं, तर.

प्रयोगशाळेचे आकडेही असेच फसवतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन एरवी दोनशे मिलिग्रॅम असलं तर चालून जातं. शेवटच्या महिन्यांत ते चारशे-सहाशेच्या घरात असायला हवं, तिथे दोनशे म्हणजे धोक्याची घंटा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरोदरपणात तीसच्या आसपास असतो. अहवालात चाळीस आला आणि तो ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला, तर श्वास थकत चालल्याची खूण हातातून निसटते. पोट वर सरकल्यामुळे फुप्फुसांत हवेचा साठा कमी आणि प्राणवायूची गरज मात्र जास्त, म्हणून तिला ऑक्सिजन लवकर लावायचा. छातीत नळी घालायची वेळ आली, तर ती नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर घालायची, कारण श्वासपटल वर सरकलेलं असतं.

यातलं एकही वाक्य नवीन नाही. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जबर जखमी झाली, आणि ग्रामीण रुग्णालयात जे उपचार मिळाले ते पाहून तो हादरला. त्यातून दोन वर्षांत जखमींच्या पहिल्या तासातल्या उपचारांचं एक प्रशिक्षण उभं राहिलं. आज ते ‘एटीएलएस’ नावाने जगभर, भारतातही शिकवलं जातं. त्यात गरोदर जखमी बाईवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचं सूत्र एका ओळीचं आहे: आधी आईला सावरा, बाळासाठी सर्वांत चांगला उपचार तोच. आईच्या श्वासमार्गापासून सुरुवात करायची, मग श्वास, मग रक्ताभिसरण. बाळ जगतंय का, या काळजीने आईच्या तपासणीत खंड पडू द्यायचा नाही.

*

सगळ्यात सोपा उपाय कोणता, असं मला विचारलं तर मी म्हणेन, तिला उताणं ठेवू नका.

वीस आठवड्यांनंतर बाई पाठीवर सरळ झोपली की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि हृदयातून बाहेर पडणारा पुरवठा तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतो. धडधाकट गरोदर बाईलाही उताणं झोपल्यावर घेरी येते ती यामुळेच. रक्त गेलेल्या बाईला तर हा दुसरा घावच. उपाय काय, तर डाव्या बाजूला कलवायचं. मानेला किंवा मणक्याला मार असण्याची शंका असेल तर तिला फळीवर सरळच बांधावं लागतं. अशा वेळी अख्खी फळी पंधरा ते तीस अंश डावीकडे कलती ठेवायची, उजव्या बाजूखाली घोंगडीची वळकटी सारायची. तेही जमत नसेल तर कुणीतरी शेजारी उभं राहून दोन्ही हातांनी पोट डावीकडे सरकवून धरायचं. याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. आशाताईंना, एसटीच्या वाहकांना, महामार्ग पोलिसांना, ढाब्यावरच्या पोरांना हे शिकवता येईल.

दुसरी अडचण ‘फोटो’ची. एक्स-रेला आपल्याकडे फोटो म्हणतात, आणि ‘पोटात बाळ आहे, फोटो नको’ असं सासूच नव्हे, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. काळजी समजण्यासारखी आहे, पण आकडे पाहावेत. गर्भाला पन्नास मिलिग्रेपेक्षा कमी किरणोत्सर्ग मिळाला तर व्यंग किंवा गर्भपाताचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. छातीच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत एक शतांश मिलिग्रेही पोचत नाही. पोटाच्या सीटी स्कॅनचा मारा साधारण दहा ते पस्तीस मिलिग्रेचा, म्हणजे तोही मर्यादेच्या आत. विनाकारण काढू नये, हे खरंच. पण मान मोडली आहे का, फुप्फुसात रक्त साठलंय का, हे कळायला हवं असताना फोटो टाळणं म्हणजे बाळाला वाचवायच्या नावाखाली आईला गमावणं. धनुर्वाताचं इंजेक्शनही गरोदरपणात चालतं, कुत्रा चावल्यावरची रेबीजची लसही चालते. ती पुढे ढकलू नये.

सोनोग्राफीची गोष्ट महाराष्ट्रात आणखी नाजूक आहे. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ साली केला. मग १९९४ चा केंद्रीय कायदा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी असते आणि गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. मुलींचे जीव वाचवणारा हा कायदा सैल व्हावा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण जखमीच्या पोटात रक्त साठलंय का, हे पाहणारी दोन मिनिटांची सोनोग्राफी कागदाच्या भीतीने अडू नये. कॅज्युअल्टीतल्या यंत्राची नोंदणी आधीच झालेली असावी, ते वापरण्याची मान्यता असलेला डॉक्टर पाळीवर असावा, कोरे फॉर्म यंत्राशेजारी ठेवलेले असावेत. ही कामं रुग्ण येण्याआधी करायची असतात.

*

आता त्या बाईकडे येतो, जिला काहीच झालेलं दिसत नाही.

ती मोटरसायकलवरून घसरली. कोपर खरचटलं, गुडघा फुटला. पोटावर ओरखडा नाही. कॅज्युअल्टीत मलमपट्टी झाली, इंजेक्शन झालं, ‘घरी जा, आराम कर’ म्हणून सांगितलं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अशा अपघातांतली सर्वांत फसवी बाई हीच.

वार, म्हणजे नाळ जिच्यातून निघते ती गादी, गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला धरून असते. गर्भाशय ताणलं जातं, दबतं, पुन्हा पूर्ववत होतं. वारेत ती लवचीकता नाही. धक्का बसला की ताणलेल्या रबरावर चिकटवलेल्या कागदासारखी ती कडेने सुटू लागते. मागे रक्त साठतं. कधी ते योनीतून बाहेर येतं, कधी आतच राहतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. मोठ्या अपघातांत हे चाळीस-पन्नास टक्के बायांच्या बाबतीत घडू शकतं. पण क्षुल्लक वाटणाऱ्या पडझडीतही शंभरात एक ते पाच जणींची वार सुटते. सोनोग्राफीत निम्म्याहून अधिक वेळा ते दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी केली, सगळं ठीक आहे’ हा दिलासा अपुरा आहे.

ते पकडायचा मार्ग एकच: बाळाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा सलग नोंदवत राहणं. आपल्या रुग्णालयांत ज्याला एनएसटीचं मशीन म्हणतात, ते पोटाला लावून किमान चार तास बसायचं. बाळ बाहेर जगू शकेल इतके दिवस भरलेल्या प्रत्येक बाईसाठी हा नियम आहे. चार तासांत कळा नाहीत, रक्त नाही, ठोके स्थिर, तर घरी पाठवता येतं. यांतलं काही बिघडलेलं दिसलं तर चोवीस तास ठेवायचं. हे मशीन लेबर रूममध्ये असतं आणि तिथे ते रोज वापरात असतं. गुडघा फुटलेली बाई कॅज्युअल्टीच्या बाकावरून घरी गेली, कारण तिला कुणी लेबर रूममध्ये पाठवलंच नाही.

तिच्या रक्तगटाचीही कुणी चौकशी केली नाही. भारतात साधारण वीस जणींत एकीचा रक्तगट निगेटिव्ह असतो. पोटाला धक्का बसला की बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं. या खेपेला फारसं काही होणार नाही; पुढच्या गरोदरपणात ती प्रतिद्रव्यं बाळाचं रक्त नासवतील. बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन दिलं की हे टळतं. लेबर रूममध्ये हे इंजेक्शन रोजच्या सरावाचं. कॅज्युअल्टीत ते आठवावं लागतं. आज विसरलेल्या इंजेक्शनाची किंमत दोन-तीन वर्षांनी एखादं बाळ मोजतं, आणि तेव्हा त्या मोटरसायकलच्या घसरण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

उलट दिशेचीही गोष्ट आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आवरणारं जुनं, स्वस्त औषध. जखमींना लवकर दिल्यास जीव वाचतात, हे वीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाने २०१० साली दाखवलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावातही ते उपयोगी पडतं, हे तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या अभ्यासाने २०१७ साली दाखवलं. एकच कुपी दोन्ही खोल्यांच्या कपाटात आहे. खोल्यांमधली भिंत माणसांनी उभी केलेली आहे.

*

कधी कधी आईचं हृदयच थांबतं. त्या वेळी काय करायचं, हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, मूढगर्भाच्या अध्यायात, आई मरण पावली आणि तिचं पोट स्पंदन पावत असेल तर वैद्याने तत्क्षणी पोट चिरून बाळ बाहेर काढावं, असं सांगितलं आहे. प्राचीन रोमच्या कायद्यातही मृत गर्भवतीचं पोट उघडल्याशिवाय तिला पुरू नये, असा दंडक होता. शतकानुशतकं हा विचार बाळापुरताच होता. आई गेली, निदान बाळ तरी वाचावं.

१९८६ साली अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ व्हर्न कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० सालापासूनच्या नोंदी चाळल्या. जगलेल्या बाळांपैकी बहुतेकांचा जन्म हृदय थांबल्यापासून पाच मिनिटांच्या आत झालेला होता. त्यातून नियम आला: चार मिनिटं छाती दाबूनही हृदय सुरू झालं नाही, आणि गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा तिच्या वर पोचलेलं असेल, तर तिथेच पोट उघडायचं आणि पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर आणायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये हलवायचं नाही, भूल नाही, संमतीपत्राची वाट नाही. कॅट्झ यांनीच २००५ साली पुन्हा नोंदी तपासल्या, तेव्हा आणखी मोलाची गोष्ट पुढे आली. रक्ताभिसरणाची नोंद मिळालेल्या अठरा बायांपैकी बारा जणींची नाडी बाळ बाहेर येताच परत आली होती. गर्भाशय रिकामं झालं, शिरेवरचा भार उतरला, अडलेलं रक्त हृदयाकडे आलं. म्हणजे हे आईचं पुनरुज्जीवन आहे, केवळ बाळाची सुटका नाही. आता त्याला तसंच मानलं जातं.

पाच मिनिटांत हे घडायचं तर सर्जन, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बाई दारात येण्याआधी तिथे उभे हवेत. एकाला फोन करून दुसऱ्याची वाट पाहत ते होणार नाही. रंगीत तालीम केलेली नसेल तर मुळीच नाही.

*

आता ज्या जखमा रस्त्यावर होत नाहीत, त्यांच्याबद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी ३.१ टक्के जणींनी सांगितलं की गरोदरपणात त्यांना मारहाण झाली. हे सांगितलेल्यांचं प्रमाण आहे. दवाखान्यात त्या सांगतात ते वेगळंच: मोरीत पाय घसरला, जिन्यावरून पडले, म्हशीने ढुशी मारली. सोबत सासू असते, नवरा असतो, उत्तरं तेच देतात. पण पडलेल्या माणसाला हातावर, गुडघ्यावर मार लागतो. पोटावर, छातीवर, पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला वळ असतील, काही जुने काही नवे असतील, आणि बाई दवाखान्यात दोन दिवसांनी आलेली असेल, तर ‘पडले’ या उत्तरावर थांबता येत नाही.

तिला एकटीला विचारावं लागतं. नातेवाइकांना बाहेर पाठवून, दार लोटून, आवाज खाली आणून. याचा एक नमुना महाराष्ट्रातच आहे. ‘सेहत’ या संस्थेने मुंबई महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, त्याला आता सुमारे पंचवीस वर्षं झाली. हिंसा सोसणाऱ्या बाईला रुग्णालयातच समुपदेशन, आसरा आणि कायद्याची वाट मिळावी, यासाठी ते उभं राहिलं आणि पुढे इतर रुग्णालयांनी ते उचललं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आरोग्यसेवेवरही जबाबदारी टाकली आहे. पण लग्नाला, बाळाला, दोन्ही घराण्यांच्या अब्रूला जपायच्या नादात डॉक्टर-सिस्टरही नजर फिरवतात, आणि तीच बाई पुढच्या वेळी अधिक मार खाऊन येते. किंवा येतच नाही.

भाजलेल्या गरोदर बाईचं दुखणं याच घरातलं. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या वाक्यामागे काय आहे, ते पोलीस आणि दंडाधिकारी शोधतील. डॉक्टरांनी लक्षात ठेवायचं ते हे की धुरातला कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या रक्ताला आईच्या रक्तापेक्षा जास्त घट्ट धरतो आणि जास्त वेळ राहतो. आई शुद्धीवर आली, बोलू लागली, तरी तिचा ऑक्सिजन लवकर काढायचा नाही. आणि भाजण्याचं प्रमाण मोठं, दिवस भरत आलेले असतील, तर प्रसूतीचा निर्णय पहिल्या काही दिवसांतच घ्यावा लागतो.

*

यंत्रणा नाही, असं कुणी म्हणू नये. २०१४ साली महाराष्ट्रात ९३७ रुग्णवाहिकांनिशी १०८ सेवा सुरू झाली, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असणं हे तिचं वैशिष्ट्य. बाळंतिणीची ने-आण करायला १०२ आहे. जखमीला आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सांगितलं. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, हे २०१६ साली न्यायालयाने आणि २०१९ साली कायद्याने पक्कं केलं. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या कडेला दर ठरावीक अंतरावर कोणत्या रुग्णालयात सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ दोघेही रात्री हजर असतात, याची यादी १०८ च्या प्रत्येक डॉक्टरकडे असायला हवी. नुसतं जवळचं रुग्णालय या बाईच्या कामाचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, अशा प्रत्येक पायरीवर ‘रेफर’चा कागद घेत तिचे तास जातात.

आणि मोजणीच्या बाबतीत इंग्लंडकडून शिकण्यासारखं आहे. तिथे १९५२ पासून प्रत्येक गरोदर आणि बाळंत बाईच्या मृत्यूची गोपनीय चौकशी होते, आणि त्यात ‘योगायोगाचे’ म्हणून आकडेवारीतून वगळलेले मृत्यूही तपासले जातात. गरोदर बाईने पट्टा कसा बांधावा, हा सल्ला या चौकशीच्या अहवालांनी घरोघरी पोचवला. वर्गीकरण हे काही दगडावरची रेघ नाही. गरोदरपणातल्या आत्महत्या वर्षानुवर्षं योगायोगाच्या खान्यात जात होत्या. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या थेट माता मृत्यूंमध्ये घेतल्या. अपघातांना तसं घ्यायचं की नाही, यावर तज्ज्ञ वाद घालोत. मोजायला मात्र कुणाची हरकत नसावी. अपघाताच्या पंचनाम्यात, कॅज्युअल्टीच्या एमएलसी (पोलीस प्रकरणांच्या) रजिस्टरात आणि शवविच्छेदनाच्या अहवालात ‘गरोदर: होय / नाही, किती आठवडे’ एवढा एक रकाना घालायला राज्य सरकारला एक परिपत्रक पुरेसं आहे. त्याच परिपत्रकात आणखी एक ओळ हवी: वीस आठवड्यांवरची गरोदर जखमी आली की लेबर रूमला निरोप त्याच क्षणी जाईल, आणि स्त्री रुग्णालय वेगळ्या आवारात असेल तिथे प्रसूतितज्ज्ञ रुग्णाकडे येईल, रुग्ण प्रसूतितज्ज्ञाकडे धाडला जाणार नाही.

वाचकांकडे मागणं एवढंच आहे. घरातली गरोदर लेक-सून प्रवासाला निघत असेल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड रक्तगटासह तिच्या पर्समध्ये असू द्या. शक्य असेल तिथे दुचाकी टाळा. ती पडली, गाडीवरून घसरली, कुणी तिच्यावर हात उचलला, तर अंगावर खरचटलेलं नसलं तरी त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. नेताना डाव्या कुशीवर ठेवा. बाळाचे ठोके किमान चार तास तपासल्याशिवाय तिथून उठू नका, आणि तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर बहात्तर तास उलटण्याआधी अँटी-डीचं इंजेक्शन स्वतःहून मागा.